वाचकांचे प्रश्न : गाण्याच्या व्हिडिओत भावना येते कुठून?

म्युझिक व्हिडिओंच्या दृश्यभाषेविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच कुतूहल आहे. गाणे आधीच ध्वनिमुद्रित झालेले असते, त्याची भावना सुरांत आणि शब्दांत पुरेपूर उतरलेली असते, मग चित्र त्यात आणखी काय घालते? माझ्या मते याचे उत्तर काळाशी निगडित आहे. व्हिडिओच्या दिग्दर्शकाला गाण्याची लांबी बदलता येत नाही आणि लयही बदलता येत नाही. त्याच्या ताब्यात असतो तो फक्त चित्राचा काळ. तो संथ करता येतो, उलटा फिरवता येतो, एका चेहऱ्यावर थांबवता येतो किंवा पन्नास वर्षे मागे नेता येतो. गाण्याचा काळ आणि चित्राचा काळ यांच्यात जे अंतर पडते, तिथेच बहुतेक वेळा पाहणाऱ्याच्या मनात काही हलते. खालील उत्तरांत हेच सूत्र वेगवेगळ्या बाजूंनी तपासले आहे.

प्रश्न : शिनेड ओ’कॉनर या आयरिश गायिकेचा ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ हा जुना व्हिडिओ मुलाने अलीकडे दाखवला. गाणे संपेपर्यंत बहुतेक वेळ एकच चेहरा दिसत राहतो, तरी माझे डोळे भरून आले. त्यानंतर भव्य सेट आणि डझनावारी नर्तक असलेले व्हिडिओ पाहिले, पण मन कोरडेच राहिले. असे का व्हावे?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण ज्या व्हिडिओचा उल्लेख केला आहे, तो 1990 सालचा असून जॉन मेबरी यांनी दिग्दर्शित केला आहे. गाणे मुळात प्रिन्स या अमेरिकन संगीतकाराचे असून 1985 मध्ये ते दुसऱ्या एका गटाच्या अल्बममध्ये येऊन गेले होते, पण त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते. ओ’कॉनर यांच्या आवाजात आणि या चित्रीकरणासह ते जगभर पोहोचले. त्या वर्षीचा एमटीव्हीचा सर्वोत्कृष्ट व्हिडिओचा पुरस्कारही त्यालाच मिळाला, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला कलाकार होत्या.

आता त्या चेहऱ्याकडे नीट पाहू. मागची पार्श्वभूमी काळी आहे, अंगातील गळाबंद पोशाखही काळा आहे, त्यामुळे चेहरा अंधारात एकटाच उरतो. डोक्यावर केस अगदी बारीक कापलेले असल्यामुळे बट सावरणे, केसांआड नजर लपवणे अशा नेहमीच्या हालचालींना जागाच राहत नाही. भुवईची किंचित हालचाल, ओठांचा कोपरा, श्वास घेताना ताणलेला गळा, एवढेच पाहण्यासारखे उरते. डोळ्यांना दुसरे काम नसले की कान अधिक तीक्ष्ण होतात. शंभर नर्तकांच्या व्हिडिओत नेमके उलटे घडते. नजर सतत नवी माहिती टिपण्यात गुंतते आणि गाणे पार्श्वसंगीतासारखे मागे सरकते.

दुसरी बाब नजरेची. आपल्या चित्रपटगीतांत नायिका गाते ती नायकाकडे, चंद्राकडे किंवा खिडकीबाहेर पाहून. कॅमेऱ्याच्या भिंगात थेट पाहणे कथापटात सहसा टाळले जाते, कारण त्यामुळे प्रेक्षकाला आपण पाहिले जात असल्याची जाणीव होते. या व्हिडिओत गायिका भिंगात पाहून सोडून गेलेल्या माणसाला उद्देशून गाते, आणि त्यामुळे गाण्यातला तो ‘तू’ म्हणजे आपणच होऊन बसतो. ती मध्येच नजर खाली घेते, तेव्हा आपल्याला अकारण अपराधी वाटते. अधूनमधून पॅरिसजवळच्या सें-क्लू उद्यानात काळ्या कोटात चालणारी गायिका दिसते. ती दृश्ये सुंदर असली तरी माझ्या दृष्टीने त्यांचे खरे काम आपल्याला चेहऱ्यापासून क्षणभर दूर नेण्याचे आहे. परत आल्यावर चेहरा अधिक जवळ वाटतो.

अखेरच्या भागात तिच्या गालावरून अश्रू ओघळतात. आईने परसात लावलेली फुले कोमेजून गेली, अशा अर्थाच्या ओळीपाशी हे घडते. ओ’कॉनर यांची आई 1985 मध्ये मोटार अपघातात गेली होती आणि त्या ओळीने आपल्याला तिची आठवण आली, असे त्यांनी पुढे सांगितले. ही माहिती नसतानाही आपले डोळे भरून आले, हे मला महत्त्वाचे वाटते. तोपर्यंत दिग्दर्शकाने चार मिनिटे आपल्याला त्या चेहऱ्यासमोर बसवून ठेवलेले असते, म्हणून अश्रू दिसतात तेव्हा ते अभिनयाचा भाग आहेत की नाहीत, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. तेच अश्रू दोन सेकंदांच्या शॉटमध्ये दाखवले असते, तर ते ग्लिसरीनचे वाटण्याची शक्यता होती.

साधेपणा दर वेळी जिंकतो, असा निष्कर्ष मात्र यावरून काढू नये. हे गाणेही तितकेच उघडे आहे. आवाज कुजबुजीपासून आक्रोशापर्यंत जातो आणि त्यामागे वाद्यांची गर्दी नाही. ढोल-ताशाच्या जोशपूर्ण गाण्यावर असा एकच चेहरा ठेवला, तर तो रिकामा दिसेल.

प्रश्न : आम्ही चित्रपटनिर्मितीचे विद्यार्थी आहोत. अनेक व्हिडिओंत गायक स्लो मोशनमध्ये चालतो, त्याचे केस आणि कपडे संथ उडतात, पण ओठ मात्र गाण्याशी अचूक जुळलेले असतात. हे कसे करतात? आणि संथ गतीने दुःख दाखवायचे, असा काही नियम आहे का?
(विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : तंत्र सोपे आहे, पण गायकाची कसोटी पाहणारे आहे. अंतिम चित्र सेकंदाला 25 फ्रेमने, म्हणजे 25 स्थिरचित्रांनी, दाखवायचे असेल, तर चित्रीकरण 50 फ्रेमने करायचे आणि त्या वेळी सेटवर गाणे दुप्पट वेगाने वाजवायचे. गायकांच्या भाषेत सांगायचे तर गाणे दुगुनीत वाजते आणि गायक दुगुनीतच ओठ हलवतो. पुढे हे चित्रण 25 फ्रेमने चालवले की ओठ पुन्हा मूळ लयीत येतात, पण वाऱ्यावरचे केस, पापण्यांची उघडझाप, पावलांची चाल हे सारे निम्म्या वेगाने घडते. साध्या पद्धतीने वेग दुप्पट केला तर सूर एक सप्तक वर चढतो आणि सेटवर चिरका आवाज ऐकत गंभीर मुद्रा ठेवावी लागते. आता संगणकावर सूर जागेवर ठेवून फक्त वेग वाढवता येतो, त्यामुळे काम पुष्कळ सुसह्य झाले आहे. तरीही द्रुत लयीचे गाणे दुगुनीत म्हणणे जवळपास अशक्य असते, म्हणून ही युक्ती मुख्यतः विलंबित आणि मध्य लयीच्या गाण्यांत वापरलेली दिसते.

याचा परिणाम इतका विलक्षण का होतो? ओठ वर्तमानात असतात आणि शरीर दुसऱ्याच काळात. माणूस आपल्याशी बोलतो आहे, पण तो आपल्या जगाच्या नियमांनी हलत नाही, असा भास होतो. आठवणीतल्या माणसाचे आपल्या मनातले रूप काहीसे असेच असते.

हाच प्रकार दुसऱ्या दिशेने नेला की चित्र उलटे चालते. कोल्डप्ले या ब्रिटिश गटाचा 2002 मधला ‘द सायंटिस्ट’ हा व्हिडिओ जेमी थ्रेव्ह्ज यांनी दिग्दर्शित केला आहे. त्यात गायक क्रिस मार्टिन एका गादीवरून उठतो आणि शहरातून, रुळांवरून, जंगलातून उलट्या पावलांनी चालत एका उद्ध्वस्त मोटारीपर्यंत पोहोचतो. चित्र उलटे असले तरी ओठ शब्दांशी जुळतात, कारण मार्टिनने संपूर्ण गाणे उलट्या क्रमाने उच्चारायला शिकून घेतले होते. शेवटी जमिनीवर पडलेली तरुणी काचेतून मागे मोटारीत येते, काच सांधली जाते आणि दोघे हसतखेळत रस्त्याने जात असतात. व्हिडिओ सुखाच्या क्षणावर संपतो, पण त्या सुखापुढे काय वाढून ठेवले आहे ते आपण नुकतेच पाहिलेले असते. सुरुवातीकडे परत जाण्याची तळमळ हाच गाण्याचा आशय आहे. इथे तंत्राने त्या तळमळीचे वर्णन केलेले नाही, ती चार-पाच मिनिटांपुरती पूर्ण करून दाखवली आहे, आणि म्हणूनच ती इतकी जिव्हारी लागते.

नियमाविषयीच्या आपल्या प्रश्नाचे उत्तरही इथेच सापडते. या व्हिडिओच्या सहा वर्षे आधी, 1996 मध्ये, स्पाइक जोन्झ यांनी लॉस एंजेलिसच्या द फारसाइड या हिप-हॉप गटासाठी ‘ड्रॉप’ हा व्हिडिओ नेमक्या याच पद्धतीने केला होता. गाण्याचे उलटे उच्चार लिहून काढण्यासाठी त्यांनी भाषातज्ज्ञाची मदत घेतली होती. त्यात दुःखाचा लवलेशही नाही. उड्या, झेप, कपडे अंगावर उडत येणे, सारा खेळ आणि कसब आहे. एकच तंत्र एका ठिकाणी शोक होते आणि दुसऱ्या ठिकाणी खोडकर आनंद. तेव्हा संथ गती म्हणजे दुःख, उलटी गती म्हणजे पश्चात्ताप अशी कोष्टके वहीत लिहून ठेवली असतील तर ती खोडून टाकावीत. गाणे काय मागते आहे आणि चित्राचा काळ त्याला काय देतो आहे, एवढेच विचारावे.

आणखी एक उदाहरण अभ्यासासाठी सुचवतो. रेडिओहेड या गटाच्या ‘नो सरप्रायझेस’ या गाण्याचा व्हिडिओ ग्रँट जी यांनी केला असून त्यात थॉम यॉर्क या गायकाचा चेहरा काचेच्या शिरस्त्राणात दिसतो. गाणे अंगाईसारखे गोड चालू असते आणि शिरस्त्राणात पाणी चढत जाते. पाणी हनुवटी, ओठ, नाक बुडवते, त्याचे गायन थांबते आणि जवळजवळ मिनिटभर तो श्वास रोखून तसाच राहतो. मध्ये एकही कट नाही. प्रत्यक्ष चित्रीकरणात श्वास रोखण्याचा अवधी कमी व्हावा म्हणून त्या भागात गाणे जलद वाजवून कॅमेराही जलद चालवला होता, म्हणजे वर सांगितलेलेच गणित. तेथे ते गायकाच्या जिवाच्या काळजीने वापरले गेले, पण त्यामुळे पाण्यातली त्याची मुद्रा अनैसर्गिक स्थिर झाली आणि भीती वाढली. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणीही हा व्हिडिओ पाहताना स्वतःच्या श्वासाकडे लक्ष द्यावे. बहुतेकांनी तो नकळत रोखलेला असतो.

प्रश्न : या सर्व गोष्टी पाश्चात्त्यांनी शोधल्या, असा सूर अनेक लेखांत असतो. आमच्या पिढीने गुरुदत्त यांची गाणी थिएटरात पाहिली आहेत. भावना दाखवण्यात ती कुठे कमी होती?
(एक ज्येष्ठ वाचक, रत्नागिरी)

उत्तर : कुठेच कमी नव्हती, आणि आपला आक्षेप रास्त आहे. गुरुदत्त यांनी चित्रपटाचे सुरुवातीचे धडे पुण्यात प्रभात फिल्म कंपनीत घेतले, त्याआधी ते अल्मोड्याला उदय शंकर यांच्या केंद्रात नृत्य शिकले होते. शरीराची हालचाल आणि संगीताची लय यांचे नाते त्यांना आतून ठाऊक होते.

1959 च्या ‘कागज़ के फूल’मधले गीता दत्त यांनी गायलेले ‘वक़्त ने किया’ हे गाणे आठवून पाहा. रिकाम्या स्टुडिओत वहिदा रेहमान आणि गुरुदत्त एकमेकांपासून दूर उभे आहेत. वरून प्रकाशाचा एक झोत तिरपा खाली येतो आणि त्यात धुळीचे कण तरंगतात. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी मोठ्या आरशांनी बाहेरचे ऊन आत वळवून तो झोत मिळवला होता. त्या गाण्यात दोघांपैकी कोणीही ओठ हलवत नाही. हा निर्णय मला त्या झोताइतकाच मोलाचा वाटतो. गाणे त्यांच्या तोंडी घातले असते, तर ती दोन माणसांची कबुली ठरली असती. ओठ मिटलेले ठेवल्यामुळे गाणे त्या जागेत आपोआप भरून राहिल्यासारखे होते, आणि ती दोघे बोलू न शकणारी माणसे आहेत हे शब्दांवाचून कळते. पुढे त्यांच्या धूसर प्रतिमा देहांपासून वेगळ्या होऊन एकमेकींकडे जातात, देह मात्र जागेवरच राहतात. चित्राचा काळ गाण्याच्या काळापासून सुटा करण्याचे याहून सुंदर उदाहरण मला सुचत नाही.

चित्रपटगीत आणि स्वतंत्र म्युझिक व्हिडिओ यांत एक फरक मात्र मान्य करावा लागेल. चित्रपटातल्या गाण्याआधी तासभर कथा घडलेली असते. ती दोघे कोण, त्यांना काय मिळणार नाही, हे आपल्याला माहीत असते. म्युझिक व्हिडिओला हे भांडवल नसते. पहिल्या दहा सेकंदांत त्याला माणूस, जागा आणि अडचण उभी करावी लागते. म्हणून तो चेहऱ्याला, वेळेच्या खेळाला आणि ठळक दृश्यकल्पनेला अधिक शरण जातो. त्यात श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही.

प्रश्न : लाल म्हणजे प्रेम, निळा म्हणजे उदासी, असे रंगांचे अर्थ व्हिडिओत ठरलेले असतात का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : ठरलेले नसतात. रंगाला अर्थ येतो तो त्याच व्हिडिओतल्या दुसऱ्या रंगाच्या, किंवा रंगहीनतेच्या, शेजारामुळे.

आ-हा या नॉर्वेच्या गटाचा ‘टेक ऑन मी’ हा 1985 चा व्हिडिओ पाहावा. दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन यांनी त्यात एका तरुणीला चित्रकथेच्या पानांत ओढून नेले आहे. पानाबाहेरचे जग रंगीत आहे आणि पानातले जग पेन्सिलने काढलेले, काळे-पांढरे. प्रत्यक्ष चित्रित केलेल्या फ्रेमवरून एकेक चित्र हाताने रेखाटण्याची ही पद्धत रोटोस्कोपिंग म्हणून ओळखली जाते. मायकेल पॅटरसन आणि कॅन्डेस रेकिंगर यांनी सुमारे 3000 फ्रेम रेखाटल्या आणि त्याला 16 आठवडे लागले. प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे काढलेली असल्यामुळे एका चित्रातली रेघ पुढच्या चित्रातल्या रेघेवर तंतोतंत बसत नाही, आणि चेहऱ्याच्या कडा सतत थरथरत राहतात. त्या थरथरीमुळे तो चित्रातला तरुण कोणत्याही क्षणी पुसला जाईल असे वाटते, आणि प्रेमात पडलेल्या तरुणीइतकीच धास्ती आपल्यालाही लागते. इथे भावना लाल किंवा निळ्या रंगात शोधून सापडणार नाही. ती दोन जगांच्या सीमेवर आहे, जिथे एकाच चौकटीत अर्धा चेहरा पेन्सिलचा असतो आणि अर्धा मांसाचा.

प्रश्न : कट तालाच्या ठोक्यावरच द्यायचा असतो का? मी लग्नसमारंभांच्या चित्रफिती संकलित करतो आणि ग्राहक तसाच आग्रह धरतात.
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : ठोक्यावर दिलेला कट तालाला दुजोरा देतो. ऐकणाऱ्याला जे आधीच कळले आहे तेच डोळ्यांनाही सांगतो. वरातीच्या नाचात ते उत्तम, कारण तिथे सर्वांनी एका तालात असणे हाच आनंद असतो. पाठवणीच्या प्रसंगात मात्र प्रत्येक समेवर कट देत गेलात तर रडणारी माणसे कवायत करत असल्यासारखी दिसतील. तिथे कट श्वासावर द्यावा. एखादी व्यक्ती बोलायला तोंड उघडते आणि बोलत नाही, त्या क्षणानंतर थोडे थांबून.

आर.ई.एम. या अमेरिकन गटाच्या ‘एव्हरीबडी हर्ट्स’ या गाण्याचा 1993 चा व्हिडिओ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. दिग्दर्शक जेक स्कॉट यांनी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो येथे महामार्गावरची वाहतूककोंडी उभी केली. कॅमेरा मोटारीमागून मोटारीत डोकावतो आणि आत बसलेल्या अनोळखी माणसांच्या मनातले विचार अक्षरांत खाली उमटतात. ते वाचायला वेळ लागतो, म्हणून शॉटची लांबी वाचण्याच्या वेळेवर ठरते, ठोक्यावर नाही. एवढ्या साध्या व्यवस्थेमुळे आपण प्रत्येक माणसापाशी सक्तीने थांबतो. अखेरीस सगळे मोटारींतून उतरून चालू लागतात, आणि बराच वेळ कोंडून ठेवलेल्या हालचालीमुळे ते नुसते चालणेसुद्धा मुक्त झाल्यासारखे वाटते.

प्रश्न : जॉनी कॅश या अमेरिकन गायकाचा ‘हर्ट’ हा व्हिडिओ पाहताना मी येथे अमेरिकेत अनेकांना रडताना पाहिले आहे. मला तो पाहून अस्वस्थ वाटले. एका आजारी, वृद्ध माणसाचे थरथरते हात जवळून दाखवून प्रेक्षकांना रडवणे हा त्याच्या दुर्बलतेचा वापर नाही का?
(एक मराठी वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : आपला प्रश्न मला या पत्रांतला सर्वांत गंभीर वाटला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मूळ गाणे ट्रेंट रेझ्नर या अमेरिकन संगीतकाराचे, 1994 सालचे, व्यसन आणि आत्मद्वेष यांविषयीचे, एका तरुण माणसाने लिहिलेले. कॅश यांनी ते 2002 मध्ये निर्माते रिक रुबिन यांच्यासोबत ध्वनिमुद्रित केले. त्याच वर्षी मार्क रोमानेक यांनी टेनेसी राज्यात हेंडरसनव्हिल येथे व्हिडिओ चित्रित केला. काही भाग कॅश यांच्या घरात झाला आणि काही ‘हाऊस ऑफ कॅश’ या त्यांच्या संग्रहालयात. ते संग्रहालय बंद पडलेले होते आणि त्याची पडझड झाली होती. रोमानेक यांनी ती सजवली नाही आणि झाकलीही नाही. फुटलेल्या काचेची फ्रेम, बंद असल्याची पाटी, धूळ हे सारे जसे होते तसे टिपले.

कॅश तेव्हा 70 वर्षांचे होते. त्यांच्यासमोर टेबलावर फळे, मांस, मद्य अशी मेजवानी मांडलेली आहे आणि ती कोणी खात नाही. सतराव्या शतकातील डच चित्रकार अशाच भरलेल्या मेजांतून देहाची आणि वैभवाची नश्वरता सुचवत असत, ती परंपरा इथे स्पष्ट दिसते. एका क्षणी कॅश थरथरत्या हाताने प्याला उचलून मद्य मेजवानीवर ओततात. आपल्याला खटकला तो हा हात असावा.

पण त्या हाताला लागून काय येते ते पाहावे. तरुण कॅश आगगाडीत, मंचावर, तुरुंगातल्या कैद्यांपुढे, बालपणीच्या घरापाशी. त्यांनीच 1973 मध्ये केलेल्या येशूवरच्या चित्रपटातले क्रुसावरील प्रसंगही मध्ये चमकून जातात. या जुन्या चित्रांवर चालू असतो तो आजचा, चिरलेला, दमलेला आवाज. तरुण चेहऱ्यावर म्हाताऱ्याचा आवाज ऐकू येतो, आणि कोणाचेही ओठ त्याच्याशी जुळत नाहीत. एकाच माणसाचे दोन काळ समोरासमोर उभे राहतात. सुरुवातीला ही जुनी चित्रे सावकाश येतात. पुढे पियानोचा एकच सूर घणासारखा आदळू लागतो आणि कट इतके जलद होतात की पन्नास वर्षे काही सेकंदांत डोळ्यांपुढून निघून जातात. मग सारे थांबते. कॅश पियानोचे झाकण लावतात आणि त्यावरून हलकेच हात फिरवतात.

दुर्बलतेचा वापर झाला असता, जर कॅमेऱ्याने त्या माणसाला फक्त दुर्बल म्हणून दाखवले असते. इथे हात थरथरतो, पण नजर थरथरत नाही. कॅश भिंगात पाहतात तेव्हा आपण काय दाखवू देत आहोत हे त्यांना पूर्ण ठाऊक आहे, असे जाणवते. व्हिडिओ त्यांच्या हयातीत, त्यांच्या संमतीने प्रसिद्ध झाला. जिन्यावर उभ्या राहून पतीकडे पाहणाऱ्या जून कार्टर कॅश त्यात दिसतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी ही एका कलाकार पत्नीने कॅमेऱ्यापुढे मांडू दिलेली काळजी आहे. जून मे 2003 मध्ये गेल्या आणि त्याच वर्षी 12 सप्टेंबरला कॅश यांचेही निधन झाले. पुढच्या वर्षी या व्हिडिओला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. रेझ्नर यांनी तो पाहिल्यावर हे गाणे आता आपले राहिले नाही, अशा आशयाचे उद्गार काढले.

आपल्या अस्वस्थतेला मी चूक म्हणणार नाही. म्हातारपण आणि आजारपण दाखवणाऱ्या प्रत्येक कलाकृतीपुढे ती जागी असायला हवी. माझी कसोटी अशी आहे : दाखवलेला माणूस ते पाहून मान खाली घालेल का? ‘हर्ट’च्या बाबतीत माझे उत्तर ठामपणे नकारार्थी आहे. रुग्णशय्येवरच्या गायकाचे मोबाइलवर टिपलेले चित्र मागे करुण संगीत लावून फिरवले जाते, तेव्हा माझे उत्तर तितक्याच ठामपणे होकारार्थी असते.

प्रश्न : आम्ही काही मैत्रिणी मिळून एका नव्या मराठी भावगीताचा व्हिडिओ करत आहोत. मोबाइल, एक खोली आणि एक अंगण एवढेच साहित्य आहे. गाणे माहेरच्या आठवणीचे आहे. काय करावे आणि काय टाळावे?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : साहित्य पुरेसे आहे. सर्वांत आधी टाळायची गोष्ट सांगतो : शब्द आला की वस्तू दाखवू नका. गाण्यात तुळस आली की तुळस, पाऊस आला की पाऊस, झोका आला की झोका असे करत गेलात तर चित्र गाण्याच्या मागे पळणारे भाषांतर होईल. शब्दांनी तुळस दाखवली असेल, तर चित्राने ती सोडून दुसरे काही दाखवावे. सासरच्या खोलीत दुपारी तीन वाजता एकटी बसलेली मुलगी पुरे, तुळस ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उगवेल.

दिवसाच्या एकाच वेळेला, एकाच खिडकीच्या उजेडात चित्रण करा. खिडकी गाणाऱ्या मुलीच्या बाजूला असू द्या, मागे नको. ध्रुवपद प्रत्येक वेळी परत येते तेव्हा शॉटही त्याच जागेवरून घ्या, पण उजेड किंवा बसण्याची ढब थोडी बदललेली असू द्या. तेच शब्द, तीच जागा आणि पुढे सरकलेला दिवस, एवढ्याने वाट पाहण्याचा अर्थ येतो. एका कडव्यासाठी वर सांगितलेली दुगुनीची युक्ती वापरून पाहा. संपूर्ण गाण्यासाठी वापरू नका, कारण मग ती सवय होते आणि तिचा परिणाम जातो. मुलीने ते कडवे दुप्पट वेगाने निदान आठवडाभर म्हणून सराव करावा. ओठांपेक्षा भुवया आणि मान जलद लयीत दचकतात आणि संथ केल्यावर तो दचका उघडा पडतो.

संकलन झाल्यावर एकदा आवाज बंद करून चित्र पाहा आणि एकदा डोळे मिटून गाणे ऐका. दोन्हींतून अगदी सारखीच गोष्ट समजत असेल, तर एक-दोन शॉट बदलण्याची गरज आहे.

एक तांत्रिक सूचना राहिली. संध्याकाळी खोलीत ट्यूबलाइट किंवा साधा एलईडी दिवा लावून जलद फ्रेमने चित्रण केले, तर चित्र लुकलुकते. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे असे दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात शटरचा वेग हाताने ठरवण्याची सोय असेल, तर तो 1/100 सेकंदावर ठेवा. 50 फ्रेम असोत वा 60, लुकलुक थांबेल. अंगणातल्या दिवसाच्या चित्रणाला ही अडचण येत नाही.